व्हॉल्वच्या मशीनवरचा तिचा आवाज

आमची मंडळी, म्हणजे पोरांची आई, जाऊन वर्ष होत आलं तेव्हा घरात भांडण लागलं ते मशीनवरून. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी देवळात भजन ठेवायचं, आणि भजन संपताना तिच्या आवाजातली एक गवळण कॅसेटवरून सगळ्यांना ऐकवायची, इथपर्यंत एकमत होतं. ती कशावर ऐकवायची, इथं फाटे फुटले. माझं म्हणणं, माझ्या व्हॉल्वच्या मशीनवर. पोराचं म्हणणं, डिजिटल साउंडवर.

हसण्यासारखं वाटेल. घरातलं माणूस गेलं आणि बापलेक डब्यावरून भांडतायत. पण मला तेव्हा एकच धास्ती होती. तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता. तोंड आठवायचं, लुगडं आठवायचं, रागावली की भांडी कशी ठेवायची ते आठवायचं, आवाज मात्र येत नव्हता. त्या संध्याकाळी भलत्याच मशीनवर ती लागली असती तर आलेल्या सगळ्यांना ती मिळाली असती आणि मला नाही.

व्हॉल्वचं मशीन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करणारा जुना अॅम्प्लिफायर, काय असतं ते आता सांगावं लागतं. आत काचेच्या नळ्या असतात, बल्बसारख्या. बटण दाबलं की लगेच आवाज येत नाही. नळ्या आधी तांबूस होतात, मग केशरी. धूळ जळल्याचा वास येतो. मग कर्ण्यातून बारीक घूं असं यायला लागतं, तेव्हा समजायचं मशीन तापलं, आता माइकपुढं तोंड उघडायला हरकत नाही. वजन एवढं की दोघांनी उचलावं. भोसरीतल्या एका मांडववाल्यानं नवीन सामान घेतलं आणि हे भंगारात काढलं, तेव्हा मी ते त्याच्याकडून मागून आणलं होतं.

मी त्या वेळी भोसरीतच पॉवर प्रेसवर होतो. पत्रा सरकवायचा, वरून प्रेस येतो, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. शिफ्ट संपून घरी आलो तरी जेवताना कानात तेच. कानाची तेव्हा कुणाला पडली होती? बोटं शाबूत घेऊन घरी आला की त्या दिवसाचं कौतुक. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ही गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात पुढं गायची, आणि मंडळाला आवाज मोठा करणारं काही नव्हतं. मग मी मशीन आणलं आणि दर एकादशीला देवळात मशीनपाशी बसायला लागलो. एक कर्णा बाहेर गावाकडं तोंड करून, दुसरा सभामंडपात, माझ्या डोक्याशी.

तेव्हा चिखलीकडं रानं होती. आता आमच्या वावरात लिफ्टच्या इमारती आहेत. देऊळ तेवढं जागेवर आहे, आणि त्याला सगळीकडून वर्कशॉपांनी घेरलंय. भजन चाललेलं असलं तरी शेजारी लेथ चालू असतो. म्हणून मशीन मोठ्यानं लावावं लागायचं. निदान मी तसं समजत होतो.

ती गायला लागली की कर्ण्यातून भरून आवाज यायचा. गोल आवाज, दुधावर साय धरावी तसा. मी खाली मान घालून बटणाशी चाळा करत बसायचो, लोकांना वाटायचं हा मशीन बघतोय. मी तिला ऐकत असायचो. घरी ती बोलायची त्यातलं अर्धं मला कळायचं नाही, मी आपलं हूं म्हणायचो. देवळात मात्र तिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत यायचा.

मग नगरसेवक व्हायला निघालेल्या एका भाऊंनी देवळाला डिजिटल साउंड दिला. डब्यांवर स्वतःचं नाव घातलं, देवाच्या नावापेक्षा मोठं. बटण दाबलं की फट्कन आवाज. तापायचं नाही, घूं नाही, वास नाही. मोबाइलवर बोट फिरवलं की कमीजास्त होतं. मशीनपाशी बसायला माणूस लागत नाही म्हटल्यावर मी मागं खांबाला टेकून बसायला लागलो. ही गायची, लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, बाई थकली, आता हळू गाते. एकदा तिला तसं म्हणालोही. ती हसली आणि म्हणाली, व्हय, थकले.

नंतर तिला खरंच दम लागायला लागला. मग दवाखाना झाला, आणि तिथून तिला आणली ती शेवटचीच.

तर ही कॅसेट. सप्ताहात आळंदीच्या बाजूचे एक गृहस्थ आले होते, त्यांनी तिच्या माइकशेजारी स्वतःचा माइक ठेवून गवळण टेप केली होती आणि पुढं एक कॅसेट पाठवून दिली होती. पोरानं ती कुठूनतरी फोनमध्ये भरून आणली. म्हणाला, आप्पा, खरखर सगळी काढून टाकली, आईचा आवाज अगदी क्लीन झाला. मी म्हणालो, आई काय भांडं आहे का घासायला. तो चाकणला चांगल्या कंपनीत आहे, बापाचं बोलणं मनावर घेत नाही. देवळातला साउंड चांगला आहे, फोन जोडला की झालं, असं त्याचं म्हणणं. मी मशीन माळ्यावरून काढायला लावलं.

ते बंद होतं. भोसरीत एक मिस्त्री आहे, कंपन्यांच्या मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. व्हॉल्वचं काम त्यानं तरुणपणी केलं होतं. पोरानंच मला गाडीवरून तिथं नेलं. मिस्त्रीनं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि आधी खोकला. एक व्हॉल्व गेलेला होता. कुणा जुन्या रेडिओवाल्याच्या पेटीतून त्यानं दुसरा मिळवला. मी त्याला सरळ विचारलं, कोणता आवाज खरा, ह्याचा का डिजिटलचा. मला वाटलं हा माझ्या बाजूचा.

तो म्हणाला, "खरा डिजिटलचा. हे मशीन आवाजाला तूप लावतं, आप्पा. भाकरी तीच, पण तुम्ही चव सांगताय ती तुपाची."

पोरगा तिकडं तोंड करून हसला. मी म्हणालो, कोरडी भाकरी तुझ्या घरी खा. मिस्त्री म्हणाला, खातोच, शुगर आहे.

येत्या रविवारी दुपारी घरात दोन्ही लावून बघायचं ठरलं. मुलगी सासरहून आली होती. एका बाजूला माझं मशीन आणि कर्णा, दुसऱ्या बाजूला देवळातले दोन डबे, पोरानं आदल्या दिवशी आणून ठेवलेले. दोन्हीवर तीच गवळण, फोनमधलीच. कॅसेट लावताना फीत गुंतली असती तर सगळंच गेलं असतं, म्हणून तेवढं मी पोराचं मानलं.

आधी माझं. नळ्या केशरी होईपर्यंत सगळे मशीनकडं बघत उभे होते. मग लागली.

काय सांगू. ती आली. वर्षभर जी कुठं सापडत नव्हती ती कर्ण्यातून आली, भरून, तशीच गोल. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. खाली खोलीत लातूरकडचा एक पोरगा भाड्यानं राहतो, रात्रपाळी करून झोपला होता, तो बनियनवर जिना चढून आला आणि दारातून म्हणाला, काका, काय झालं, आग लागली का. मी त्याला हातानंच जा म्हटलं.

मग पोरानं त्याचे डबे लावले. मी ऐकलं. पेटी वाजत होती, टाळ असावेत. मध्ये एक बाई काहीतरी म्हणत होती, लांबून, ओठ दाबून बोलल्यासारखी. सूर तोच होता, बाई ती नव्हती. मी म्हणालो, बघा, ह्याच्यात ती नाहीच. लावा माझं.

मी मुलीकडं बघितलं तर ती डब्याजवळ खाली बसली होती आणि तोंडावर पदर धरून रडत होती. मला वाटलं माझ्या मशीनमुळं. तसं नव्हतं. ती उठली, माझ्याजवळ आली, कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाली, "आप्पा, तुमच्या मशीनवर मला आई ऐकू येत नाही. मला कर्णा ऐकू येतो. आई ह्याच्यात आहे."

मी म्हणालो, "आणि मला ह्याच्यात ती ऐकू येत नाही."

आता काय करायचं? दोघंही खोटं बोलत नव्हतो. आई एकच, गवळण एकच. मुलीनं कपाटातून माझं कानाचं मशीन काढलं. डॉक्टरनं दिलेलं, मी ते वापरत नाही, डोक्यात चिमण्या शिरल्यासारखं होतं. तिनं ते माझ्या कानात बसवलं आणि डबे पुन्हा लावायला सांगितलं. पंख्याचा आवाज आला, चप्पल घासल्याचा आला, पोराच्या हातातली किल्ली वाजली ती आली. आणि त्या सगळ्यात एका बाईचा बारीक, तरतरीत आवाज, सगळे स आणि च टोकदार. मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, ही आई, आप्पा. घरात अशीच बोलायची.

मला ती बाई ओळखू आली नाही. पोरांसमोर ते बोललो नाही, पण त्यांना समजलं.

तेवढ्यात भजनातली हिची जोडीदारीण आली. शेजारच्या आळीत राहते, मंडळात हिच्या बाजूला बसून टाळ धरायची. आमच्यापेक्षा वयानं मोठी, मला भावजी म्हणते, मी वैनी म्हणतो. दारातच बसली, दम घेतला. म्हणाली, कर्णा ऐकला न् वाटलं ही उठून बसली, म्हणून आले. पोरानं तिला भांडणाचं कारण सांगितलं. तिनं आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन माझ्याकडं वळली.

"भावजी, भजनाला आमच्या समद्यांच्या कानात कापूस असायचा, तो कधी बघितला का तुमी?"

बघितला होता की. आमच्याकडं लग्नाकार्यात, भजनात अत्तराचा फाया कानाच्या पाळीत खोचतात. ह्या बायका तो जरा आत खोचायच्या एवढंच. मला वाटायचं देवाकरता सुवास घेऊन बसतात. एकदोनदा तर मी हिला म्हणालोही होतो, तुमच्या मंडळाला अत्तर कोण पुरवतं?

"कसलं अत्तर. तुमचा कर्णा सोसत नव्हता आमाला. डोकी उठायची. आमी हिला म्हनलं, मालकाला सांग, जरा बारीक करा. ही म्हनली, न्हाई सांगायची. घरात मी बोलते ते त्यांच्या कानात शिरत न्हाई. हितं तेवढी मी त्यांना ऐकू येते. तुमी कापूस घाला."

मी विचारलं, आणि ती?

"ती कशी घालंल? गाणारणीला सूर ऐकाया लागतो. ती तसंच सोसायची."

मला पहिल्यांदा रागच आला. एवढ्या बायकांना माहीत, देवळातल्या गुरवाला माहीत असणार, आणि मशीनशी बसलेल्या मला नाही. मी हिच्यावरच चिडलो, नसलेल्या माणसावर. सांगायचं होतंस, मी काय खाल्लं असतं? मग आठवलं, सांगितलं असतं तरी मला अर्धंच ऐकू आलं असतं. आणि बटण मी बारीक केलं असतं, आणि मग देवळातही ती घरातल्यासारखीच, ओठ हलणारी बाई झाली असती.

मिस्त्रीचं तूप वगैरे ठीक आहे. पण प्रेसनं माझ्या कानात जेवढं शिल्लक ठेवलं होतं, तेवढ्यात मावणारा आवाज ते मशीन देत होतं. म्हणून ते मला गोड. त्यात मशीनची थोरवी काही नाही. आणि पोरांच्या कानांना प्रेस माहीत नाही, त्यांना जी आई ऐकू येत होती ती मला निम्म्या संसारात ऐकूच आली नव्हती. एका घरात राहून आम्ही दोन बायका ऐकत होतो.

वैनी उठता उठता म्हणाली, लावा तुमचंच मशीन, एक दिवस आमी परत कापूस घालू, त्यात काय. पोरगाही म्हणाला, चालेल आप्पा, तुमचंच लावू. मुलीची मान खाली होती.

त्या बायकांनी कापूस घातला तो मी सांगितलं म्हणून नव्हे. हिनं सांगितलं म्हणून. आता सांगणारी नाही. तिच्या जोडीदारणींनी तिच्या वर्षश्राद्धाला तिचा आवाज कापसाच्या बोळ्यातून ऐकायचा, आणि पोरीनं कर्णा ऐकून घरी जायचं, आणि मी एकट्यानं पोटभर ऐकायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही. मी मशीनचं बटण बंद केलं. पोराला म्हणालो, तुझे डबे देवळात ने. आणि आवाज पोरीला विचारून ठेव, मला विचारू नको.

वर्षश्राद्धाला सकाळी विधी झाला, माणसं जेवली. संध्याकाळी भजन बसलं. मी कानाचं मशीन घालून गेलो होतो, पण बायकांचं बसणं-उठणं, पोरांची बिस्किटाची पुडी, शेजारचं ग्राइंडर, सगळंच एकदम अंगावर यायला लागलं, म्हणून काढून खिशात ठेवलं. शेवटी पोरानं गवळण लावली.

मला समजलं ती लागली, कारण बायका हलायच्या थांबल्या. वैनीनं टाळ मांडीवर ठेवले. मंडळातल्या एका म्हातारीनं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. मी तिच्या ओठांवर लक्ष ठेवलं. धृपद झालं, पहिलं कडवं आलं. दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे, तिथं ही आवाज वर नेऊन जरा धरायची, मशीनची काच थरथरायची. तिथं आल्यावर पुढं बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम मान वर केली. मुलगी माझ्याजवळ बसली होती, तिनं माझा हात धरला आणि दाबला. डब्यातून माझ्यापर्यंत काय आलं म्हणाल तर पेटी, थोडी.

संपल्यावर कुणी उठेना. मग वैनी डोळे पुसत आली, काहीतरी म्हणाली, मला समजलं नाही, मी मान हलवली. पोरानं डबे बंद केले आणि येऊन कानाशी विचारलं, आप्पा, ऐकू आली का.

मी म्हणालो, सगळ्यांना आली.

त्यानंतर पोरानं माझ्याकरता हेडफोन आणला. चांगला आणला असणार. कानावर झाकणं बसवली, गवळण लावली, आवाज पुष्कळ वाढवला. आवाज मोठा झाला, पण तो माझ्या डोक्याच्या आत वाजत होता. ती कधी माझ्या डोक्यात नव्हती, समोर बसलेली असायची. मी ते काढून त्याच्या हातात दिलं. मनाला लावून घेऊ नको म्हणालो.

मशीन घरातच आहे, कॉटशेजारी. चालू स्थितीत आहे, मिस्त्रीनं चांगलं काम केलंय. अधूनमधून वाटतं, दुपारचं कुणी नसतं, लावावं. पण मला ऐकू यायचं तर कर्णा पूर्ण लावावा लागतो, आणि पूर्ण लावला की अख्खी आळी ऐकते, खालचा पोरगा रात्रपाळी करून झोपलेला असतो. हिनं माझ्यासाठी बायकांना सांगितलं, तसं आता आळीला कोण सांगणार? मी कुठल्या तोंडानं सांगू? त्यामुळं मी ते लावत नाही.